लेण्यांच्या मागचे गाव

आमच्या परतवाड्याला समुद्राची ओळख फार थोडी. मिठाची पुडी आणि बाजाराच्या दिवशी दरवळणारे सुके बोंबील, एवढीच. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, तिच्यामागे मेळघाटचे रान, आणि दक्षिणेला कपाशीची काळी शिवारे. पावसाळ्यात सापन आणि बिच्छन फुगल्या की आम्ही पुलावर जाऊन पाणी पाहतो आणि ‘काय पूर आला!’ म्हणत घरी येऊन भजी खातो. बेट म्हणाल तर एकच ठाऊक होते. अचलपूरच्या पश्चिमेचा हौज कटोरा. जुन्या सुलतानी काळातली ती अष्टकोनी तीन मजली इमारत तलावाच्या मधोमध बांधलेली आहे. लहानपणी आम्ही ती पाहायला गेलो तेव्हा तलावात गुरे चरत होती. पाण्याविना बेट कसे असते, एवढाच धडा त्या सहलीतून मिळाला.

अशा मुलखात राहून मी ३४ वर्षे शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवला. ‘चोहो बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात,’ हे वाक्य किती मुलांकडून पाठ करून घेतले याची गणती नाही. पण त्या पाण्याने वेढलेल्या भूभागावर माणसे कशी राहतात, रात्री कोणी आजारी पडले तर काय करतात, असा प्रश्न मला कधी पडला नाही आणि एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. परीक्षेत तो येत नव्हता ना!

सेवानिवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे डोंबिवलीला गेलो. परतवाड्याहून एस.टी.ने अमरावती, तिथून रात्रीची गाडी. चार दिवस नातीच्या सहवासात बरे गेले. पाचव्या दिवशी चिरंजीव म्हणाले, “बाबा, रविवारी घारापुरीला जाऊ. तुम्ही जन्मभर मुलांना एलिफंटाची लेणी शिकवलीत. एकदा डोळ्यांनी पाहून तरी घ्या.”

आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम साफ नकार दिला. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून माणसे दगावली, ते त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले होते. “मला तर सापनेतही पोहता येत नाही,” असे त्यांचे म्हणणे. शेवटी नातीने हात धरला तेव्हा निघाल्या. बोटीत चढल्याबरोबर त्यांनी अंगात नारिंगी जाकीट घातले आणि परत येईपर्यंत त्याचा पट्टा सैल केला नाही. त्यांचे पाहून शेजारच्या एका गुजराती कुटुंबानेही जाकिटे घातली. शहाणपण असे संसर्गजन्य असते.

गेटवेपासून घारापुरी सुमारे दहा किलोमीटर. बोटीने तासाभराचा प्रवास. उजवीकडे-डावीकडे नांगर टाकून उभी असलेली प्रचंड जहाजे, पुढे तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप, आणि मग हळूहळू वर येणारे दोन हिरवे डोंगर. बेटाची लांबी अडीच किलोमीटरही नाही. हे दोन डोंगर दीडशे मीटरच्या आसपास उंच आणि मध्ये एक अरुंद खोरे. एका डोंगरात लेणी, दुसऱ्यावर बौद्ध स्तूपाचे अवशेष, आणि पायथ्याला पाण्याच्या कडेकडेने तीन गावे: शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. तिन्ही मिळून वस्ती हजार-बाराशेची. तालुका उरण, जिल्हा रायगड.

धक्क्यावर उतरल्यावर एक खेळण्यातल्यासारखी आगगाडी माणसांना पायथ्याशी नेते. तिला पाहून मला आमच्या शकुंतलेची आठवण झाली. पण त्या शकुंतलेविषयी पुढे सांगेन. पायथ्यापासून सव्वाशेच्या घरात पायऱ्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, दगडी हत्ती, ताक आणि काकड्या विकणारी दुकाने. माकडे तर अशी धीट की काकडीची फोड हातातून केव्हा गेली ते कळत नाही.

निम्म्या पायऱ्यांवर सौभाग्यवतींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. एका टोप्यांच्या दुकानात एक वृद्ध बाई पाटावर बसल्या होत्या. विक्री सून करीत होती. म्हातारीने न विचारता स्टूल पुढे सरकवले आणि म्हणाली, “बसा बाय. देव काय पलून जात नाय.” आमच्या सौभाग्यवती बसल्या, आणि आम्ही तिघे वर गेलो.

लेण्यांचे वर्णन मी करीत नाही. माझ्याहून मोठ्यांनी ते केले आहे. बेटावर एकूण सात लेणी. पाच शैव आणि दोन बौद्ध. मुख्य लेणे समोरच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत ३९ मीटर खोल. त्याच्या मागच्या भिंतीतून ते तीन मुखांचे भव्य शिल्प अंधारातून पुढे येते. उंची सहा मीटरच्या जवळपास. इतकी वर्षे पुस्तकातल्या टपालतिकिटाएवढ्या चित्रावर बोट ठेवून ‘ही पाहा त्रिमूर्ती’ म्हणत होतो. इथे समोर उभा राहिलो तेव्हा बोट वर करण्याचे धाडस झाले नाही. विद्वान तिला सदाशिवाची मूर्ती म्हणतात.

नात म्हणाली, “आजोबा, हे कोणी केलं?”

शिक्षकाला असा प्रश्न म्हणजे मेजवानी. मी सुरू झालो. सहाव्या शतकाचा मध्य. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत, म्हणून काही अभ्यासक हे काम त्या घराण्याच्या काळातले मानतात; काही कोकणच्या मौर्यांचे नाव घेतात. इ.स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने पुरी नावाच्या समुद्रकाठच्या नगरीवर शेकडो नौका नेल्याचे म्हटले आहे. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी, असे कित्येकांचे मत आहे...

“पण इथे कुठे लिहिलेलं नाही का?” तिने मध्येच विचारले.

लिहिलेले होते, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. दियोगु दो कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, लेण्याच्या दाराशी एक कोरलेला शिलालेख होता. तो इथल्या कोणालाही वाचता येईना. म्हणून तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. तिथेही तो कोणाला वाचता आला नाही. पुढे तो दगड कुठे गेला ते कळले नाही. तेव्हापासून चार-साडेचार शतके विद्वान मंडळी अनुमाने करीत आहेत. उत्तर दगडावर होते आणि दगड जहाजात बसून निघून गेला.

लेण्यांनी आणखीही पुष्कळ पाहिले. १७६४ मध्ये कार्स्टन नीबूर हा प्रवासी इथे आला आणि त्याने मूर्तींची चित्रे काढून युरोपात नेली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीबरोबर हे बेट घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. १८७५ मध्ये युवराज एडवर्ड हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले तेव्हा याच लेण्यात त्यांना मेजवानी देण्यात आली. १९८७ मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत घातले. हे सारे मी नातीला क्रमवार सांगितले. ती बिचारी ऐकत होती, पण तिचे अर्धे लक्ष माकडांकडे होते.

तासाभराने आम्ही खाली उतरलो. मी सनावळ्या घेऊन उतरलो होतो. आणि आमच्या सौभाग्यवती दुकानात बसल्या बसल्या अख्खे गाव घेऊन बसल्या होत्या. म्हातारीचे माहेर मोराबंदर, सासर शेतबंदर. मुलगा बोटीवर कामाला, एक नातू पाणी ओलांडून कॉलेजला जातो. सुनेच्या हातचे कालवण फार चांगले होते. गुडघ्याला कोणते तेल लावावे. हे सर्व त्यांना ठाऊक झाले होते. शिवाय शेवटच्या बोटीला अजून अवकाश असल्यामुळे चहाचे आमंत्रणही पदरात पडले होते.

“मास्तर हायेत म्हनं तुम्ही,” म्हातारी मला म्हणाली. “लेनी पायलीव, आता घर पन पाया.”

शेतबंदरचे ते घर साधेच. ओटीवर जाळे, भिंतीला टेकवलेले वल्हे, दारात तुळस. माजघरात एक शीतकपाट होते आणि त्याला चक्क झेंडूची माळ घातलेली. मी त्या माळेकडे पाहिले तसे म्हातारीने हसून सांगितले, “दसऱ्याची हाय. दर साल घालतो. ह्यो आला त्या साली आमचं नशीब आलं.”

त्या माळेमागची हकीकत ऐकल्यावर माझ्या हातातला चहा निवून गेला.

घारापुरीला तारेवाटे वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. होय, चूक वाचली नाहीत तुम्ही. देश स्वतंत्र होऊन सत्तर वर्षे उलटून गेल्यावर, मुंबईच्या गेटवेपासून दहा किलोमीटरवर. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून ती आणली गेली. त्यापूर्वी डिझेलवर चालणारे जनित्र होते. ते संध्याकाळी सातला सुरू होई आणि दहाला बंद. तीन तासांत पोरांचा अभ्यास, बायकांचा स्वयंपाक, म्हाताऱ्यांच्या बातम्या. दहा वाजले की सारे बेट काळोखात बुडे.

“आनि समोर?” म्हातारी म्हणाली. “समोर मुंबय रातभर झगमग करते. तिकडं न्हाव्याचं बंदर झालं, तिथं तर रातीचा दीस. आमी ओट्यावर बसून लोकांची बत्ती बघायचो.”

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. म्हणजे पाठीशी लेणी, समोर देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक, बाजूला मुंबई. आणि मध्ये ही तीन गावे कंदिलाच्या उजेडात. लेणी पाहायला जगभरातून माणसे येत होती. संध्याकाळची शेवटची बोट सुटली की पाहुण्यांपैकी कोणी मागे राहत नसे, कारण प्रवाशांना बेटावर रात्र काढता येत नाही. म्हणून हा काळोख कोणाच्या दृष्टीला पडलाच नाही.

म्हातारीचे मधले बाळंतपण अशाच एका रात्री अडले. नवऱ्याने आणि दिराने होडी काढली. भरती उतरत होती. एक जण वल्हवीत होता, दुसरा कंदील धरून बसला होता. मूल होडीतच झाले. “पोर जगला,” ती म्हणाली. “त्योच आता बोटीवर हाय. पान्यात जन्मला, पान्यावरच कमावतो.” आणि मग थोडे थांबून, “सगल्यांचे नाय जगले.”

सौभाग्यवतींनी तिच्या हातावर हात ठेवला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

वीज आली त्या रात्री काय केले, असे नातीने विचारले. म्हातारी खूप हसली. “बत्ती लावली, आनि इजवलीच नाय. सकालपरत तशीच. सून बोलली, आत्या, बिल येल. मी बोलली, येऊं दे.”

माळेचे कारणही कळले. पूर्वी मासळी टिकवायला बर्फ पाण्यापलीकडून आणावा लागे. वितळून निम्मा राही. आता घरात बर्फ होतो, सून थंड ताक विकते. मासळी मात्र पूर्वीसारखी मिळत नाही, असे म्हातारी म्हणते. मोठ्या जहाजांची वर्दळ वाढली, किनाऱ्याचे पाणी बदलले. थोडी भातशेती, थोडी मासेमारी, होड्यांची दुरुस्ती आणि बाकी सारे लेण्यांच्या पाहुण्यांवर. सोमवारी लेणी बंद, म्हणून त्या दिवशी दुकानेही जवळजवळ बंद. पावसाळ्यात बोटी रखडल्या की तोही हंगाम गेला.

मी माझ्या सवयीने जुन्या गोष्टी विचारू लागलो. गावांची नावे ‘बंदर’ कशी? म्हातारीला त्यात नवल वाटले नाही. “बंदर व्हतं म्हनून बंदर.” आणि ते खरेच आहे. मोराबंदराच्या बाजूला विटांच्या जुन्या बांधकामाचे अवशेष आहेत, आणि रोमन जगातून मद्य व तेल घेऊन येणाऱ्या उंच मातीच्या कुंभांचे तुकडे बेटावर सापडले आहेत. लेणी कोरण्याच्याही आधी इथे गलबते लागत होती. विद्वानांना खापरे हाती लागल्यावर जे समजले ते या गावांनी आपल्या नावात सांभाळून ठेवले होते.

“आनि हत्ती?” म्हातारी म्हणाली. “हत्ती पायलाव का?”

ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले तो आता बेटावर नाही. दक्षिणेकडच्या जुन्या धक्क्याजवळ काळ्या दगडाचा, सुमारे तेरा फूट लांब आणि सात फूट उंच असा तो उभा होता. समुद्रातून येणाऱ्याला तो आधी दिसे. जुन्या प्रवाशांनी एका दगडी घोड्याचाही उल्लेख केला आहे. तो तर केव्हाच नाहीसा झाला. हत्तीचे डोके आणि मान १८१४ मध्ये गळून पडली, मग धडही ढासळले. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईला नेण्यात आले. म्हातारीने हत्ती पाहिलेला नव्हता, तिच्या आजीनेही पाहिलेला असणे शक्य नाही. तरी ती ‘आमचा हत्ती’ असेच म्हणत होती; जणू घरातले जनावर बाजाराला गेले आणि परत आले नाही.

“कसा हाय, ठीक हाय ना?” तिने विचारले. मी म्हणालो, “मावशी, मी अजून पाहिला नाही. पाहून कळवतो.”

उठता उठता तिने मला एक प्रश्न विचारला. अगदी सहज विचारला. “मास्तर, तुमचा गाव कसा हाय? तुमच्या आलीत पयलं कोन राहायचं?”

मी सुरुवात तर झोकात केली. अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. पुढे १५७४ मध्ये ते राज्य अहमदनगरच्या निजामशाहीने घेतले. आमच्या डोक्यावर गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो भोसल्यांकडून घेतला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. मग परतवाड्याला हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या फौजेची छावणी, म्हणून आजही टपालाच्या पत्त्यात ‘अचलपूर कॅम्प’...

म्हातारी शांतपणे ऐकत होती. माझे संपल्यावर म्हणाली, “ते राजांचं झालं. आलीत कोन राहायचं?”

वाचकहो, मला उत्तर देता आले नाही. आमच्या आळीत पहिले घर कोणाचे? विहीर कोणी खणली? छावणीबरोबर कोण कोण आले, फौज गेली तेव्हा कोण मागे राहिले आणि पोट कसे भरले? माझे आजोबा परतवाड्याला कोठून आणि का आले, हेसुद्धा मी वडिलांना कधी विचारले नव्हते. ३४ वर्षे इतिहास शिकवला, आणि माझ्या स्वतःच्या दारापुढचा शिलालेख मी न वाचताच जाऊ दिला होता.

धक्क्यापर्यंत म्हातारी पोचवायला आली. बोट सुटल्यावर बराच वेळ तिचे लुगडे दिसत होते. मुंबईचे दिवे लागू लागले होते. मागे वळून पाहिले, तर शेतबंदरलाही दिवे लागलेले दिसले.

पुढच्या आठवड्यात मी हट्टाने भायखळ्याला गेलो. राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, तो हत्ती उभा आहे. १९१४ मध्ये तुकडे जुळवून त्याला पुन्हा उभे करण्यात आले. सांधे दिसतात, सोंडेची झीज दिसते. त्या दिवशी बागेत अलोट गर्दी होती. पण ती सारी पेंग्विन पाहायला. हत्तीपाशी आम्ही चौघेच. नातीने त्याच्या पायाकडे पाहून विचारले, “याला घरी का नाही नेत?” याचे उत्तरही मला देता आले नाही. सौभाग्यवतींनी मात्र भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र काढले आणि टोप्यांच्या दुकानातल्या सुनेला पाठविले. तिचा क्रमांक त्यांनी केव्हाच घेऊन ठेवला होता. दहा मिनिटांत निरोप आला: ‘आत्या बोलल्या, बारीक झालाय.’

परतवाड्याला आलो तो एक वही विकत घेऊनच.

आमच्या आळीच्या टोकाला एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. नव्वदीला टेकलेले. ते शकुंतलेच्या इंजिनवर कोळसा टाकीत असत. मूर्तिजापूर ते अचलपूर ही पाऊणशे किलोमीटरची अरुंद रेल्वे १९१३ पासून धावू लागली. दर्यापूर, अंजनगाव करीत कपाशीच्या गाठी आणि माणसे नेऊ लागली. वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत होते, मग डिझेलचे आले, आणि काही वर्षांपूर्वी गाडीच थांबली. रूळ अजून आहेत. त्यांत बाभळी उगवल्या आहेत. या गृहस्थांजवळ बसून गाडीची सगळी हकीकत लिहून घ्यायची, असे मी वर्गात मुलांना दरवर्षी सांगत असे. सांगत असे, केले कधी नाही. रोज सकाळी त्यांच्या ओट्यावरून मी जात होतो आणि ‘रामराम’ करून पुढे सरकत होतो.

वही घेऊन गेलो तेव्हा ते खाटेवर होते. ऐकू कमी येऊ लागलेले. मी कानाशी वाकून कारण सांगितले. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “आता इचारतं व्हय, मास्तर? धा वर्सं अगुदर येतास तं समदं सांगतलं असतं. आता याद नाही रायत बाप्पा.”

तरी ते तासभर बोलले. तुटक, मागचे पुढे, पुढचे मागे. उन्हाळ्यात भट्टीपुढे उभे राहिले की अंगातला सदरा वाळून खडखडीत होई. लग्नसराईत माणसे टपावर बसत. गाडी इतकी सावकाश जाई की एखादा उतरून शेतातली शेंग तोडून पुन्हा चढे. आणि एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. अचलपूर जवळ आले की ते एक लांब शिटी मारायला लावीत. नियमात होती तेवढ्याहून जरा लांब. “ते घरवालीसाठी व्हती. शिटी आयकली का ते तवा ठेवे चुलीवर. मी घरी येतो तं भाकर गरम.” घरातून सुनेने सांगितले, सासूबाई जाऊन पंधरा वर्षे झाली, पण अजून एखाद्या संध्याकाळी ते विचारतात, शिटी झाली का?

मी चार पाने लिहिली. सोबतच्या लोकांची नावे त्यांना आठवेनात, छावणीतल्या जुन्या घरांविषयी विचारले तर “माहा बाप सांगे काहीतरी...” म्हणून थांबले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. त्यांनी मला ओळखले नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा नुसते पाहून हसले. वहीची बाकीची पाने कोरी आहेत. ती कोरी राहण्याचा दोष कोणा पोर्तुगीजाला देता येत नाही.

मग मी दुसरी दारे ठोठावू लागलो. सुताराच्या आईने विहिरीची गोष्ट सांगितली. कापड गिरणीत काम केलेल्या एका मुसलमान शेजाऱ्याने भोंग्याच्या वेळा सांगितल्या आणि वर शिरखुर्मा खाऊ घातला. सौभाग्यवती तर माझ्या पुढे गेल्या आहेत. हळदीकुंकवाहून येतात त्या दोन-दोन पाने घेऊन. माझी एक चुलत आत्या अंजनगावला आहे. आजोबा परतवाड्याला का आले, हे तिला ठाऊक असावे. तिचे वय ८७. दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन भाऊबीजेला मी तिच्याकडे जाणार आहे, आणि या खेपेला वही पिशवीत सर्वांत आधी ठेवली आहे.

तुमच्याही घरी या दिवसांत चार वडीलधारी माणसे येतील. चकली-करंजीचे ताट त्यांच्यापुढे ठेवाल तेव्हा आपल्या आळीत पहिले कोण राहत होते, एवढे जरूर विचारा. राजांचे पुस्तकात मिळते.

घारापुरीची म्हातारी अजून खुशाल आहे. परवा सुनेचा निरोप आला, तो माझ्यासाठी होता: ‘आत्या विचारतात, मास्तरांना आळीतलं कळलं का?’

मी उत्तर पाठविले: ‘विहिरीपर्यंत आलो आहे.’